शेऱ्याचा रकाना

ज्या वस्तूंची नोंद करण्यात माझ्या आयुष्याची पाच वर्षे गेली, त्यांतली कोणतीही एक मोजली तर ती सुमारे पावणेतीन इंच लांब आणि दीड इंच रुंद भरत असे, आणि तिचे वजन तळहाताला जाणवतही नसे. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००३ साली मी सूचिकार म्हणून रुजू झाले, तेव्हा तेथील दुर्मिळ कागदपत्रांच्या विभागात अकरा जाडजूड आल्बम नोंदीवाचून पडून होते. ते एका संग्राहकाच्या वारसांनी ग्रंथालयाच्या हवाली केलेले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटातून गिऱ्हाइकाला फुकट मिळणारी चित्रांची कार्डे त्यांत ओळीने चिकटवलेली होती. त्या प्रत्येक कार्डाची रुजुवात घ्यावी, त्याचा तपशील ठरावीक तक्त्यात भरावा आणि अखेर सर्वांची एक फेरिस्त सिद्ध करावी, असे माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिले होते. काम पुरे करण्याची मुदतही त्यात होती. ती दोनदा वाढवून घ्यावी लागली.

तंबाखू मला पुस्तकातून कळलेली नव्हती. माझे बालपण सोलापुरात गेले. आमच्या घरापासून चार घरे सोडून माझी मावशी राहत असे, आणि तिच्या ओसरीवर सकाळपासून सूप मांडलेले असे: भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने, पान बेतायचा लोखंडी पत्रा, कात्री, दोऱ्याचे रीळ आणि एका बाजूला जर्द्याची लहानशी रास. दिवसाकाठी हजार विड्या वळून झाल्या म्हणजे ती पाठ टेकी. दुसऱ्या दिवशी त्या पाटीत घालून ती कारखान्यावर नेई, तिथला चेकर त्यांतल्या काही छाट म्हणून बाजूला काढी, आणि बाजूला पडलेल्या विडीची मजुरी मिळत नसे. शाळेतून आल्यावर मी तिच्याजवळ बसून विड्यांची तोंडे दुमडून देत असे. त्या ओसरीचा वास माझ्या नाकात इतका मुरला होता, की ग्रंथालयाच्या त्या थंड, निर्जंतुक दालनात पहिला आल्बम उघडला आणि शंभराहून अधिक वर्षांच्या त्या कागदातून आता कसलाही वास येत नाही हे ध्यानात आले, तेव्हा मला क्षणभर फसवणूक झाल्यासारखे वाटले.

या कार्डांचा उगम अगदी व्यावहारिक गरजेत आहे. त्या काळी सिगारेटचे पाकीट पातळ कागदाचे असे. खिशात ते चुरगळे आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून पाकिटाला ताठपणा यावा यासाठी त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा सारीत, आणि कोरा तुकडा सारण्यापेक्षा त्यावर काही छापून सारले तर तो तुकडाच माल खपवील, ही गोष्ट कारखानदारांच्या ध्यानात यायला फार काळ लागला नाही. व्हर्जिनियातील रिचमंड शहरच्या ॲलन अँड गिंटर या पेढीने १८८० नंतरच्या दशकात या युक्तीला शिस्त लावली. एकेका विषयाची पन्नास चित्रांची मालिका काढायची आणि कार्डाच्या पाठीवर त्या पन्नासांची यादी छापायची, म्हणजे ज्याच्याजवळ सदतीस जमली आहेत त्याला उरलेली तेरा स्वस्थ झोपू देत नाहीत. पक्षी झाले, राज्यांची विधानभवने झाली, १८८८ साली स्पॅनिश समुद्रातले चाचे झाले. आणि या सगळ्यांच्या मागून, पुढून व मधून अखंड चालू राहिल्या त्या स्त्रिया. जगातील सौंदर्यवती, छत्रीची कवाईत करणाऱ्या तरुणी, निरनिराळ्या काळचे पंखे धरलेल्या ललना, देशोदेशींच्या वेषांतल्या बायका: अशा मालिकांची नावेच वाचीत गेले तरी एक आल्बम संपावा.

छपाई मात्र अशी होती की तिच्यापुढे मान लवावी. ॲलन अँड गिंटरची पुष्कळशी कार्डे न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लॉस या शिळाछापखान्यात छापली जात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि प्रत्येक दगडावर कारागिराने हाताने उठवलेले ठिपके. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली कार्ड धरले की एखाद्या मुलीच्या गालावरची लाली विरघळून जाई आणि तिच्या जागी गुलाबी, पिवळ्या व करड्या कणांचे एक शेत पसरलेले दिसे. हे कण मी आधी पाहिले होते. आमच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्याची लक्ष्मी होती. तिच्या गालाला नाक लावून लहानपणी मी हेच ठिपके मोजले होते. १८९४ साली गिरगावात निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेलेला तो छापखाना याच विद्येवर उभा होता, आणि जर्मनीतून निघालेली ती विद्या एकाच काळात एकीकडे रिचमंडच्या सिगारेटी खपवीत होती व दुसरीकडे आमच्या घरोघरच्या भिंतींवर देव्यांची प्रतिष्ठापना करीत होती. देवीच्या चित्राखाली तिचे नाव असे. त्या नावाखाली ज्या बाईचा चेहरा होता, तिचे नाव मी कोणालाही विचारले नव्हते. रिचमंडच्या कार्डांनी तो प्रश्न मला प्रथम घातला.

तो प्रश्न आला तो आमच्या तक्त्यातून. त्या तक्त्यात निर्माता, मालिका, क्रमांक, मुद्रक, मुद्रणाची पद्धत, विषय आणि शेरा असे सात रकाने होते. पुरुषाचे कार्ड असले म्हणजे विषयाचा रकाना भरण्यास अर्धा मिनिट पुरे होई, कारण त्याचे नाव कार्डावरच छापलेले असे. १८८७ सालच्या जगज्जेत्यांच्या मालिकेत मुष्टियोद्धा जॉन एल. सलिव्हन आहे, बेसबॉलपटू अँसन आहे. १८८८ साली गुडविन पेढीने काढलेल्या वीरांच्या मालिकेतही प्रत्येक खेळाडू आपल्या नावानिशी उभा आहे. १८९० साली रॉचेस्टर शहरच्या किंबॉल पेढीने आणखी एक खेळाडूंची मालिका काढली. तिच्यात स्त्रिया आहेत, आणि मालिकेचे नाव आहे ‘सुंदर खेळाडू’. या सुंदर खेळाडूंपैकी कोणीही खेळाडू नाही. चित्रकाराने कल्पनेने एकेक तरुणी उभी केली, तिला एकेका खेळाचा वेष चढवला, हाती त्या खेळाचे साहित्य दिले, आणि कार्डावर नाव छापले ते त्या खेळाचे. एकीकडे मनुष्याचे नाव आणि त्याचा पराक्रम, दुसरीकडे खेळाचे नाव आणि बाईचा बांधा. हा भेद मी एखाद्या ग्रंथात वाचला असता तर मान डोलावून पान उलटले असते; पण दिवसाला साठ नोंदींच्या हिशेबाने तो माझ्या बोटांतून जाऊ लागला, ‘स्त्री, अनोळखी’ हे दोन शब्द मी एकेका आठवड्यात शेकड्यांनी लिहू लागले, तेव्हा तो डोक्यात न राहता मनगटात दुखू लागला.

अपवाद होता, आणि तो सापडला त्या दिवशी मी जेवायला उठले नाही. १८८७ च्या त्या जगज्जेत्यांच्या मालिकेतच नेमबाजांच्या रांगेत ॲनी ओकली आहे. तिच्या कार्डावर तिचे नाव आहे, आणि ज्या बफेलो बिलच्या खेळात ती बंदूक चालवी तो स्वतःही त्याच मालिकेत तिच्या बरोबरीने आहे. स्त्रीचे नाव छापल्याने सिगारेट खपत नाही असे काही कोणी सिद्ध केलेले नव्हते, एवढे या एका कार्डाने मला सांगितले.

फोटोंची कार्डे आणखी अवघड. चित्रातली तरुणी कल्पनेतली असू शकते; फोटोतली कोणीतरी एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट दिव्यासमोर, श्वास रोखून उभी राहिलेली असते. १८८६ साली ॲलन अँड गिंटरच्या ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’ या छापाच्या पाकिटांतून बेसबॉल खेळणाऱ्या मुलींचे फोटो येत असत. मुली डोक्यावर टोपी आणि पायांत लांब मोजे घालून, गुडघ्यांपर्यंतच्या झग्यात, बॅट धरून छायाचित्रकाराच्या खोलीतच उभ्या आहेत. वास्तविक याच न्यूयॉर्क राज्यात, पोकीप्सी गावच्या व्हासर महाविद्यालयात मुलींनी १८६६ पासून बेसबॉलचे संघ काढले होते. त्यांच्या १८७६ सालच्या संघाचा फोटो मी पाहिला आहे, आणि त्यात त्या घोट्यापर्यंत पोचणारे झगे घालून, जराही न हसता, एकमेकींना खेटून बसलेल्या आहेत. खेळणाऱ्या मुली महाविद्यालयाच्या दप्तरात राहिल्या आणि न खेळणाऱ्या पाकिटापाकिटातून देशभर गेल्या. आमच्या आल्बममधल्या या मालिकेच्या एका कार्डावर मी विशेष रेंगाळले. त्यातल्या मुलीने बॅट खांद्यावर न घेता छत्रीसारखी जमिनीला टेकवली होती, आणि ती समोर न पाहता किंचित डावीकडे, कोणी काही सांगत असावे तशी पाहत होती.

नावे शोधण्याचा मार्ग अगदीच बंद नव्हता. ड्यूक, किनी वगैरे पेढ्या नटींचे फोटो सर्रास घालीत, आणि हे फोटो पुष्कळदा मूळच्या मोठ्या, पुठ्ठ्यावर चिकटवून विकल्या जाणाऱ्या फोटोंवरून लहान केलेले असत. त्या मोठ्या प्रतीच्या खालच्या पट्टीवर छायाचित्रकाराचे नाव असे, आणि कित्येकदा नटीचेही. कार्डाच्या मापात बसवताना ती पट्टी कात्रीखाली जाई. म्हणून नाट्यविषयक संग्रहांतून मूळ प्रत हुडकायची, पडद्यावरची वेल, खुर्चीचे कोरीव काम, झग्याची चुणी ही एकेक निशाणी जुळवायची आणि मग तिथले नाव इथल्या रकान्यात आणायचे, हा माझा नित्यक्रम झाला. यात मी एकदा मोठी चूक केली. एका मुद्रेवर मी इतकी निःशंक झाले, की तिला एका विख्यात नटीचे नाव देऊन टाकले, आणि त्या आधारावर चौदा कार्डांच्या नोंदी बदलल्या. सहा महिन्यांनी रंगभूमीच्या इतिहासाच्या एक वृद्ध अभ्यासक आमच्या ग्रंथालयात आल्या. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून फक्त कानांकडे बोट दाखवले. वयाने, रंगभूषेने, केशरचनेने चेहरा बदलतो. कानाची पाळी गालाला कशी जुळली आहे, ते बदलत नाही. एकीची पाळी मोकळी होती, दुसरीची गालाला जुळलेली. मी चौदाही नोंदी दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीच्या शेऱ्यात आधीची ओळख चुकीची असल्याचे लिहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. निनावी ठेवणे हा एका बाईवरचा अन्याय असेल, तर दुसऱ्या बाईचे नाव तिच्यावर थापणे हा दोघींवरचा होता, आणि तो माझ्या हातून, सदिच्छेने, घडला होता.

आमच्या विभागप्रमुख बाई करारी होत्या. शेऱ्याच्या रकान्यात वस्तूची अवस्था लिहावी, कोपरा दुमडला असेल तर तो, डिंकाचा डाग असेल तर तो. मत लिहू नये, असा त्यांचा दंडक होता. माझे शेरे लांबत चालले आणि साठाच्या चाळीस नोंदी होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. मी त्यांना एवढेच विचारले, की कार्डाचा कोपरा फाटल्याची नोंद आपण करतो, मग नावाची पट्टी कापल्याची नोंद अवस्थेत का धरू नये? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि परवानगी दिली, मात्र प्रत्येक शेऱ्याला पुरावा असावा, या अटीवर. ती अट न्याय्य होती, आणि तिनेच मला कायद्याच्या पुस्तकांकडे नेले.

तिथे जे सापडले ते मी पुन्हा पुन्हा वाचले. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी याने ऑस्कर वाइल्डच्या फोटोवरून लढवलेल्या खटल्यात १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोटोवर कृतिस्वामित्व मान्य केले. पण ते स्वामित्व फोटो काढणाऱ्याचे. समोर बसलेल्या माणसाचे त्या प्रतिमेवर काय चालते, हा प्रश्न मोकळाच राहिला. १८९० साली मॅरियन मॅनोला नावाच्या गायिका-नटीचा, ती रंगमंचावर घट्ट विजारीत असताना, प्रेक्षागृहातून चोरून फोटो घेतला गेला, आणि तो वापरू नये म्हणून तिला न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवावा लागला. पुढे रॉचेस्टरमधल्या ॲबिगेल रॉबर्सन या तरुण मुलीची गोष्ट. तिला न विचारता तिच्या चित्राच्या सुमारे २५ हजार प्रती एका पिठाच्या जाहिरातीसाठी छापल्या गेल्या. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत त्या लागल्या. मुलीने अंथरूण धरले. खटला राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि १९०२ साली चार विरुद्ध तीन मतांनी ती हरली. आपले चित्र इतके वाखाणले गेले याचा दुसऱ्या एखाद्या बाईला आनंदही झाला असता, अशा अर्थाचे वाक्य मुख्य न्यायाधीश पार्कर यांनी निकालपत्रात लिहिले आहे. लोक इतके खवळले की १९०३ साली राज्याला कायदा करून लेखी संमतीवाचून कोणाचेही नाव वा चित्र जाहिरातीत वापरण्यास बंदी घालावी लागली. आणि १९०४ साली तेच पार्कर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, फोटोवाल्यांच्या पाठलागाने त्रासले आणि तशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा ॲबिगेल रॉबर्सनने त्यांना उघड पत्र लिहून त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली. ज्या दिवशी हे वाचले त्या दिवशी मी संध्याकाळी गाडी घेऊन रॉचेस्टरला गेले. किंबॉलचा तंबाखूचा कारखाना केव्हाच पाडला गेला आहे. त्याच्या माथ्यावर १८८१ साली बसवलेला मर्क्युरी देवाचा ताम्रपुतळा मात्र दुसऱ्या एका इमारतीवर अजून एका पायावर तोलून उभा आहे. नदीवरच्या वाऱ्यात त्याच्याकडे पाहत मी बराच वेळ थांबले.

या सर्वांच्या जोडीला मला होनस वॅग्नरचे कार्ड आठवे, जे आज जगातल्या सर्वांत महाग कार्डांत गणले जाते. १९०९ च्या सुमारास निघालेल्या मालिकेत या बेसबॉलपटूने आपले चित्र घालण्यास संमती दिली नाही. कारणाविषयी दोन मते आहेत. मुलांच्या हाती तंबाखू जाईल म्हणून, असे एक, आणि पैशांसाठी, असे दुसरे. कारण काहीही असो, त्याने नाही म्हटले आणि त्याचे कार्ड छापणे थांबले. दुर्मिळ झाले ते त्यामुळेच. आमच्या आल्बममधल्या बायकांना कोणी विचारल्याचा एकही कागद मला पाच वर्षांत मिळाला नाही.

ज्या माणसाच्या खांद्यावर उभे राहून मी हे काम केले, त्याच्याशी माझे मनातल्या मनात भांडण चाले, म्हणून त्याच्याविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूस शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, अविवाहित, संधिवाताने बोटे वाकडी झालेला मनुष्य. कोणत्याही विद्वानाने ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, अशी ही कार्डे त्याने आयुष्यभर जमवली आणि १९३९ साली त्यांची पहिली सूची छापली. एकोणिसाव्या शतकातल्या कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातल्यांना ‘टी’ हे अक्षर, आणि पुढे मालिकेचा आकडा, ही त्याची पद्धत आजही जगभर चालते. १९४७ पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयास देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक कागद, आणि ते आल्बमांत चिकटवायचेही त्यानेच. पुढे तो त्यासाठी न्यूयॉर्कलाच राहावयास गेला आणि मुद्राचित्रांच्या विभागातल्या एका मेजाशी वर्षानुवर्षे बसून, दुखऱ्या हातांनी, एकेक कार्ड लावत राहिला. १९६३ च्या जानेवारीत शेवटचे कार्ड लागले. मार्चमध्ये तो गेला. मी ते आल्बम पाहण्यासाठी परवानगी काढून गेले होते. पाने उलटताना माझे हात थरथरत होते. असा निष्ठेने केलेला श्रम मी आयुष्यात फार थोडा पाहिला आहे. तरी भांडण होते ते असे, की बर्डिकच्या सूचीत शिरायचे दार कारखानदाराच्या नावाचे आहे. ड्यूक पेढी, एन १४५, नटनटी: इतके कळल्यावाचून तिथल्या बाईपर्यंत पोचता येत नाही. त्याला वेळ मिळाला असता तर त्याने दुसरे दारही काढले असते, असे मी मानते. आमच्या फेरिस्तीला मी ते दार काढले; जितक्या जणींची नावे पुराव्यानिशी मिळाली, त्यांची अकारविल्हे स्वतंत्र यादी शेवटी जोडली.

पुढच्या काळातली कार्डे आमच्याकडे थोडी होती. १९१६ सालची, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत इंग्लंडात कॅरेरास पेढीने काढलेली ‘युद्धकार्यातील स्त्रिया’ ही पन्नास कार्डांची मालिका मात्र मला मनापासून आवडली. तिथेही नावे नाहीत, पण प्रत्येकीच्या हातात खरे काम आहे. नंतर कारखानदारांना स्त्री ही केवळ आमिष न राहता गिऱ्हाईकही दिसू लागली. १९२९ सालच्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना सिगारेटी ओढत चालायला लावून एडवर्ड बर्नेज या प्रचारकाने त्या धूम्रपानाला स्वातंत्र्याची मशाल म्हणवून घेतले. तो सगळा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे.

ज्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही, त्या दुसऱ्याच बायका. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटरच्या कारखान्यात सिगारेटी हाताने वळणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. १८८० नंतरच्या दशकात त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. पाने निवडणे, वळणे, पाकिटे भरणे ही त्यांची कामे. म्हणजे ज्या कार्डावर हसणारी तरुणी आहे, ते पाकिटात सारणारा हातही एका तरुणीचाच होता. कुशल हात मिनिटाला चार सिगारेटी वळी. मग जेम्स बोन्सॅक या तरुणाने वळण्याचे यंत्र काढले, १८८१ साली त्याला पेटंट मिळाले, आणि ते यंत्र दिवसाला एक लाख वीस हजार सिगारेटी पाडू लागले. गिंटरने ते वापरून पाहून सोडून दिले; डरहॅमच्या जेम्स ड्यूकने ते स्वीकारले, आणि १८९० साली ॲलन अँड गिंटर, किनी, किंबॉल, गुडविन या चारही पेढ्या त्याच्या पेढीबरोबर एका अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्या. एवढा प्रचंड माल तयार झाला म्हणजे तो खपवण्यास चेहरेही तितकेच लागतात. ड्यूकचा धर्मनिष्ठ बाप वॉशिंग्टन ड्यूक याने १८९४ साली मुलाला पत्र लिहून पाकिटांतली ती कामुक चित्रे बंद करण्याविषयी कळवळून सांगितले. त्याचा तो कळवळा खरा होता, यात मला संशय नाही. मात्र तो होता तरुण मुलामुलींचे चारित्र्य बिघडेल यासाठी. चित्रांतल्या मुलींचा त्याने उल्लेख केलेला नाही, आणि त्याच्याच मुलाच्या यंत्राने कामावरून उठलेल्या हातांचाही नाही.

२००७ च्या हिवाळ्यात मी सोलापूरला आले. मावशी तोवर कुंभारीला, विडी कामगार बायकांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेली होती. गुडघे धरले होते, नजर मंदावली होती, तरी सूप मांडीवर होतेच. बॅट जमिनीला टेकवलेल्या त्या मुलीच्या कार्डाची मूळ मापातली एक प्रत मी पुठ्ठ्यावर चिकटवून बरोबर नेली होती. ती मी तिच्या हातात दिली. मावशीने पदराने बोटे पुसली, कार्ड कडांनी धरले आणि, कशाकरता कोण जाणे, पान बेतायच्या पत्र्यावर ठेवून पाहिले. एका बाजूने थोडेसे बाहेर येत होते, एवढेच.

‘‘कोण गं ही?’’

‘‘नाव कळलं नाही, मावशी. सापडलंच नाही.’’

‘‘एवढी देखणी छापली आन् नाव न्हाई?’’

ती उठली, आत गेली, आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आपले विडी कामगाराचे ओळखपत्र घेऊन आली. ते तिने त्या कार्डाशेजारी सुपात ठेवले. त्यावर तिचा फोटो होता, डोक्यावरून पदर घेतलेला, दचकल्यासारखे डोळे. खाली तिचे नाव, कारखान्याचे नाव, नोंदणीचा आकडा, आणि अंदाजाने घातलेले वय. दोन्ही कार्डे तंबाखूच्या बारीक भुशीत शेजारी शेजारी पडली होती. मावशी दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने त्या मुलीच्या कार्डावर बोट ठेवले.

‘‘हिला किती मिळालं आसंल गं?’’

मला उत्तर देता आले नाही. परतल्यावर पहिल्याच दिवशी मी ती नोंद काढली. विषयाच्या रकान्यात ‘स्त्री, अनोळखी’ हे शब्द होते तसेच राहिले, कारण त्याहून अधिक काही म्हणण्यास पुरावा नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात, डिंकाच्या डागाच्या नोंदीखाली, मी एक ओळ वाढवली: संमतीचा अथवा मोबदल्याचा दाखला आढळला नाही. प्रमुख बाईंनी ती वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली, आणि न खोडता तिच्यासमोर आपली आद्याक्षरे घातली.